तार जाड, सांधा साफ

पोरी, परवा तू फोनवर विचारलंस, "मामा, अँप आणि स्पीकर मिळून साठ हजार झाले. आता दुकानदार म्हणतो, वायर अठरा हजारांची घ्या, नाहीतर साठ हजार पाण्यात गेले म्हणून समजा. घेऊ का?" घाईत मी एवढंच म्हटलं, थांब. आता नीट लिहितो, कारण तुझे अठरा हजार कष्टाचे आहेत.

मी सतराव्या वर्षी लॅमिंग्टन रोडवर एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागलो. तिथल्या वस्तादांनी पहिल्याच आठवड्यात कानात सांगितलं होतं, "तार जाड, सांधा साफ. बाकीचा आवाज स्पीकरचा आणि खोलीचा." चाळीसहून जास्त वर्षं मी लोकांच्या घरी संच जोडून दिले. हे वाक्य खोटं ठरवणारी वायर मला अजून भेटलेली नाही.

आधी वायर किती जाड ते ठरव, किंमत नंतर. अँपपासून स्पीकरपर्यंतचं अंतर टेपने मोज, तेही वायर भिंतीच्या कडेने जाईल तसं, हवेतून सरळ नव्हे. मग स्पीकरच्या पाठीवर किती ओहम लिहिलंय ते बघ, बहुधा आठ किंवा चार. वायरचा जाण्यायेण्याचा मिळून रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत राहिला की झालं. एक चौरस मिलीमीटर तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे 0.017 ओहम रोध असतो. पाच मीटर अंतर म्हणजे येऊन-जाऊन दहा मीटर, म्हणजे 0.17 ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला हे दोन टक्के झाले. इलेक्ट्रिशियन जिला 'अडीच एमएम' म्हणतात ती घेतलीस, तर 0.07 ओहम, एक टक्कासुद्धा नाही. स्पीकरच्या पेटीतच क्रॉसओव्हरची जी गुंडाळी असते, तिचा स्वतःचा रोध बहुतेक वेळा याच्या कितीतरी पट असतो. आवाज त्या गुंडाळीतून येतो आणि तरी आपल्याला गोड लागतो. मग बाहेरच्या पाच मीटरची एवढी धास्ती कशाला?

तुझे स्पीकर चार ओहमचे निघाले तर मात्र जरा जपून. एकची वायर तिथे साडेपाच मीटरपर्यंत चालेल, दीडची साडेआठ मीटरपर्यंत, अडीचची चौदा मीटरपर्यंत. तुमच्या हॉलची लांबी बघता अडीचच्या पुढे जायचं काही कारण मला दिसत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण तुझे बाबा हमखास म्हणतील, "गणपतीच्या मांडवात तर सुतळीएवढ्या तारेवर दोनशे फुटांवरचा कर्णा वाजतो!" खरं आहे. पण तिथला अँप शंभर व्होल्टच्या लाइनवर आवाज पाठवतो आणि प्रत्येक कर्ण्याला ट्रान्सफॉर्मर असतो. व्होल्ट जास्त, म्हणून प्रवाह थोडा, म्हणून बारीक तार पुरते. घरच्या संचात तो ट्रान्सफॉर्मर नसतो, सगळा प्रवाह तारेतूनच जातो. मांडवाचा हिशोब घरात लावायचा नाही.

आता खरेदी. पुण्यात आहेस तर तापकीर गल्लीत जा. वायर मीटरवर मागायची, आणि तोंडाने स्पष्ट म्हणायचं, "शुद्ध तांबं हवंय." हल्ली आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा अशी वायर सर्रास मिळते. दिसायला तीच चकाकी, पण त्याच जाडीत रोध दीडपटीच्या वर. ओळखायचं कसं? टोक सोल, तारेचा एक केस वेगळा काढ आणि ब्लेडने हलकेच खरवड. आत पांढरं दिसलं की ॲल्युमिनियम. हातातला गुंडाळाही जाडीच्या मानाने हलका लागतो. दुकानदार खरवडू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा, भांडत बसू नकोस.

पैशांचं म्हणशील तर माझा नेम असा: शंभर रुपयांच्या संचात सगळ्या वायरी मिळून पाच रुपये. तुझ्या साठ हजारांत तीन हजार झाले, आणि तेवढेही संपणार नाहीत. तुला अठरा हजार घालवायचेच असतील तर स्पीकरमध्ये घाल, किंवा जाड पडदे, गालिचा आणि पुस्तकांचं कपाट यांत घाल. तुमच्या हॉलमध्ये उघडी फरशी आणि समोर मोठी काच आहे. टाळी वाजवून बघ, मागे झणत्कार ऐकू येतो. तो कुठल्याही वायरने जाणार नाही.

महाग वायरचा फरक ऐकू येतो असं सांगणारे लोक खोटारडे नसतात, हेही लक्षात ठेव. त्यांना तो खरंच ऐकू येतो. पैसे मोजले की कान मन लावून ऐकतो, आणि आवाज तसूभर मोठा झाला तरी तोच जास्त चांगला वाटतो. 1983 मध्ये अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने माणसं बसवून चाचणी घेतली होती. जाड साधी वायर आणि नावाजलेली महाग वायर यांतला फरक त्यांना गाणं ऐकताना खात्रीने सांगता आला नाही. फारच बारीक वायरचा फरक मात्र पकडला गेला. मी स्वतः हे घरोघरी केलंय: मालकाला सोफ्यावर पाठ करून बसवायचं, मी मागे वायर बदलायची किंवा बदलल्याचं नुसतं नाटक करायचं, आणि दहा वेळा त्याने कागदावर लिहायचं. तूही दुकानात हेच माग. घरी नेऊन बघायला वायर दिली तर घे, नाही दिली तर सोड.

दादरला एका गृहस्थांकडे गेलो होतो. त्यांनी वर्षभरात तीनदा वायर बदलली होती, दर वेळी आधीच्यापेक्षा महाग, आणि तक्रार एकच: तबल्यातला डग्गा पोकळ वाजतो, गाणारी बाई खोलीच्या मधोमध उभी राहत नाही. मी डाव्या स्पीकरच्या पाठीमागे वाकलो. लाल आणि काळं टोक उलटं लागलं होतं. एका स्पीकरचा पडदा पुढे जाई तेव्हा दुसऱ्याचा मागे, आणि खर्ज आपसात कापला जाई. टोकं बदलली आणि तीच ध्वनिफीत लावली. डग्ग्याची घुमार फरशीतून पायाला लागली. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, ध्वनिफीत मागे नेऊन पुन्हा ऐकत राहिले. त्यांचे जे पैसे गेले ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

म्हणून सांधा. स्पीकर-वायरचं टोक सेंटीमीटरभरच सोलायचं, केस पिळून एकजीव करायचे, एकही केस शेजारच्या टोकाला शिवता कामा नये. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला डाग देऊ नकोस. डागाचा धातू मऊ, दाबाखाली हळूहळू बसतो आणि सहा महिन्यांत स्क्रू ढिला पडतो. बनाना पिना लावल्यास तर उत्तम, साध्या घे, सोन्याचा मुलामा नसला तरी चालतो. वर्षातून एकदा सगळी टोकं काढून पुसून परत लाव. आपल्याकडच्या पावसाळ्यात तांबं काळवंडतं.

प्लेअरपासून अँपपर्यंतची जी बारीक जोडवायर, तिच्यात प्रवाह जवळजवळ नसतोच, म्हणून जाडीला अर्थ नाही. तारेभोवतीची जाळी चांगली आणि पिन घट्ट बसणारी हवी, बस्स. आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर मात्र अपवाद. त्याच्या सुईतून जेमतेम चारपाच मिलीव्होल्ट येतात, तेव्हा ती वायर मीटरभराच्या आत ठेव, आणि तिच्यासोबतची सुटी अर्थिंगची तार अँपच्या मागच्या स्क्रूला आवळ. लोक ती लोंबती ठेवतात आणि मग घूं आवाज येतो म्हणून नवी वायर आणतात.

टीव्हीच्या एचडीएमआय वायरचं सोपं आहे. दोन-तीन मीटरला साधी चालते. चालत नसेल तर चित्रात ठिपके येतात किंवा आवाज तुटतो, 'थोडा कमी गोड' असा प्रकार तिथे नसतो. नूतनीकरणात भिंत फोडणार असाल तर वायरपेक्षा पाइपला पैसे घाला: सव्वा इंची, वळणं मोठी, आत ओढायला दोरी. वायर दहा वर्षांत बदलावी लागेल, भिंत पुन्हा फोडायला नको.

आणि विजेच्या महाग कॉर्डला साफ नाही म्हण. इमारतीच्या मीटरपासून तुमच्या सॉकेटपर्यंत वीज साध्या तारेनेच येते, शेवटच्या दीड मीटरने काय बदलणार? त्यापेक्षा इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घे. घरघर थांबावी म्हणून तिसरी पिन कुणी काढायला सांगितली तर ऐकायचं नाही. ती जिवासाठी असते.

वायर आणलीस की जोडण्याआधी एक कर. अँपकडची टोकं मोकळी ठेव, स्पीकरकडची लाव. मग दीड व्होल्टचा सेल घेऊन लाल टोक अधिकला, काळं उण्याला, क्षणभर टेकव. टक् असा आवाज होईल आणि मोठ्या स्पीकरचा पडदा बाहेर येईल. आत गेला तर टोकं उलटी आहेत. दोन्ही स्पीकर असे बघ, मग अँप बंद ठेवूनच जोड. रेकॉर्ड प्लेअरच्या पिनेला डाग द्यावा लागेल, तो मी रविवारी येऊन देईन, डाग द्यायचं लोखंड घेऊनच येतो. तू तोवर ते अंतर मोजून ठेव.