घरातील साहाय्यक उपकरणे : योग्य माप, सुरक्षित पाऊल

पडण्याच्या भीतीने अनेक ज्येष्ठ नागरिक चालणे कमी करतात. रात्री शौचालयात जावे लागू नये म्हणून काही जण संध्याकाळनंतर पाणी पिणेही टाळतात. परंतु हालचाल थांबली की पायांचे स्नायू दुबळे होतात, तोल ढळतो आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. काठी, वॉकर, भिंतीचा दांडा ही साधी उपकरणे हे चक्र रोखू शकतात. मात्र उपकरण व्यक्तीच्या मापाचे व घराला अनुरूप असेल, तरच त्याचा आधार होतो.

काठी
• नेहमीची पादत्राणे घालून ताठ उभे राहावे व हात सैल सोडावेत. काठीची मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर यावी.
• काठी दुबळ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. काठी व दुबळा पाय एकाच वेळी पुढे टाकावेत.
• पायऱ्या चढताना सशक्त पाय आधी टाकावा. उतरताना काठी व दुबळा पाय आधी.
• तळाचे रबर झिजताच बदलावे.

वॉकर
• घेण्यापूर्वी घरातील दारांची रुंदी मोजावी.
• चारही पाय जमिनीवर टेकल्यानंतरच पाऊल उचलावे.
• उठताना वॉकर ओढू नये. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठावे.

न्हाणीघर व शौचालय
• आधाराचा दांडा भिंतीत पक्का बसवावा. टॉवेलचा दांडा शरीराचे वजन पेलण्यासाठी नसतो.
• उकिडवे बसणे जमत नसल्यास कमोड खुर्ची वापरावी. चाके असल्यास बसण्यापूर्वी ती अडकवावीत.

चालण्याची वाट
• सुटी पायपुसणी व वायरी हटवाव्यात, उंबरठा ठळक रंगवावा आणि रात्री मंद दिवा ठेवावा.

कुटुंबीयांसाठी
ज्येष्ठांना जे स्वतः करता येते, ते त्यांना करू द्यावे. वेळ लागला तरी घाई करू नये. वारंवार तोल जात असल्यास किंवा चक्कर येत असल्यास केवळ उपकरणावर विसंबू नये. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. दुसऱ्याची जुनी काठी माप न घेता वापरू नये.

साहाय्य कोठे मिळेल?
केंद्र शासनाच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून ६० वर्षांवरील पात्र, अल्प उत्पन्न असलेल्या नागरिकांना काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र इत्यादी उपकरणे विनामूल्य मिळतात. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनीवर मार्गदर्शन उपलब्ध आहे.