बिडाचा नळ आणि आपली काळी माती

कला शाखेच्या विद्यार्थ्याने नळाच्या गंजावर काय लिहावे, असे कोणी विचारील. पण नळ फुटला की पाणी सर्वांचेच जाते!

गेल्या उन्हाळ्यात धुळ्याला आमच्या गल्लीत फुटलेल्या जुन्या बिडाच्या नळाचा एक तुकडा मी घरी आणला. दिसायला तो अगदी धडधाकट होता. चाकूने खरवडला, तर शिसपेन्सिलीसारखा काळा चुरा निघाला. बिडात सुमारे तीन टक्के कार्बन असतो. तो बहुतांशी ग्रॅफाइटच्या रूपात. वर्षानुवर्षे लोखंड झिजून जाते आणि ग्रॅफाइटचा सांगाडा गंजाला धरून मागे उरतो. आकार तोच राहतो, बळ मात्र जाते. म्हणून नुसते वरून पाहून नळाची पारख होत नाही.

याला आपली कापसाची काळी माती पुष्कळ अंशी कारण आहे. ती ओल धरून ठेवते. ओलीत क्षार विरघळले की विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहू लागतो. जेथे हवा कमी पोचते, तेथला नळ झिजतो. जेथे हवा खेळती, तो भाग वाचतो. शिवाय ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; त्या ओढाताणीत आधीच कमजोर झालेला नळ तडकतो. फ्रान्समध्ये वर्साय येथे १६६४ च्या सुमारास घातलेल्या बिडाच्या नळांनी तीनशेहून अधिक वर्षे काम दिले. तेव्हा दोष एकट्या बिडाचा नव्हे. माती, पाणी आणि निगा यांवरही नळाचे आयुष्य ठरते.

धुळ्याला नकाणे तलावाचे व तापीचे, तर जळगावला वाघूर धरणाचे पाणी येते. दुरून आणलेले हे पाणी गळतीत जाणे हे नुकसान खरेच; पण त्याहून मोठा धोका वेगळा आहे. पुरवठा बंद झाला की नळातला दाब उतरतो आणि शेजारच्या गटाराचे पाणी त्याच छिद्रातून आत ओढले जाते. कावीळ, विषमज्वर घरात येतात ते या वाटेनेही.

उपाय आहेत. नळाभोवती प्लॅस्टिकचे वेष्टन घालता येते, किंवा पोलादी नळाला जस्ताचा अगर मॅग्नेशियमचा तुकडा जोडता येतो. तो स्वतः झिजतो आणि नळाला वाचवतो. हे तत्त्व हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्येच जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांवर दाखवून दिले होते.

तो तुकडा आजही माझ्या टेबलावर आहे. गल्लीत पुन्हा चर खणला जाईल, तेव्हा आपण नुसते चिखलाला नावे ठेवून पुढे जाऊ नये. आत कोणता नळ पडतो आहे, त्यावर वेष्टन आहे का, एवढे तरी थांबून विचारावे.