वणव्याच्या मुलखात मंडळी शोधताना

आम्ही मंडळीला सोडून पळालो, असं मेलबर्नमधल्या काही भारतीय ख्रिस्ती घरांत आजही बोललं जातं. बोलणाऱ्यांपैकी बरेच जण आमच्या मुलाच्या घरी जेवून गेलेले आहेत. एका लग्नात तर माझ्या सुनेला चारचौघांत विचारलं गेलं, "मार्लोहून निघून गेलात ते तुम्हीच ना?" ती बिचारी घरी येऊन रडली. इतकी वर्षं मी गप्प बसले, पण आता बोलणं भाग आहे. कारण दर डिसेंबरात नगर-पुणे-नाशिककडची माणसं मुलाबाळांकडे ऑस्ट्रेलियाला जातात, तिकडे तेव्हा ऐन उन्हाळा असतो, आणि नाताळनंतरच्या शिबिरांची आमंत्रणं त्यांनाही येतात.

२०१९ चा नाताळ होता. मुलगा एका भारतीय फेलोशिपमध्ये जात असे. तिचं नाव मी घेणार नाही. वर्षअखेरीला त्यांचं कुटुंब-शिबिर मार्लो या गावी होतं. मेलबर्नपासून पूर्वेला साडेतीनशे किलोमीटरहून जास्त अंतरावर, स्नोई नदी समुद्राला मिळते तिथलं हे लहानसं गाव. मराठी बोलणारी दोन-तीन कुटुंबं असणार, रेव्हरंड टिळकांची गीतं म्हणता येणार, ३१ च्या रात्रीची उपासना समुद्राकाठी होणार, असं ऐकल्यावर माझं मन तिथेच जाऊन बसलं. परक्या देशात रविवार आला की आपल्या लोकांत बसावंसं किती वाटतं, ते मुलांकडे महिनोन्‌महिने राहिलेल्या आईबापांना सांगायला नको.

त्या भागाला ईस्ट गिप्सलँड म्हणतात. निलगिरीच्या झाडांचं दाट जंगल, आणि त्यातून जाणारा प्रिन्सेस हायवे हाच मोठा रस्ता. नोव्हेंबरात विजा पडून लागलेले वणवे तिथे नाताळातही विझलेले नव्हते. आमच्या ह्यांनी निघण्याआधीच फेलोशिपच्या पुढाऱ्यांना विचारलं होतं, की आग पुढे सरकली तर काय करायचं ठरवलंय? सगळे त्यांना ब्रदर म्हणत. ब्रदर म्हणाले, "अंकल, या शिबिरासाठी आम्ही चाळीस दिवस उपास-प्रार्थना केलीय." ह्यांचा जन्म एसटीत गेला, वाहतूक नियंत्रक म्हणून. प्रश्न रस्त्याचा होता आणि उत्तर उपासाचं आलं, हे त्यांनी तेव्हाच मला बोलून दाखवलं होतं.

२९ डिसेंबरला रविवार होता. हॉलच्या दाराशी ब्रदरनी वेताची टोपली ठेवली होती, तीच जी दानासाठी फिरवतात. तीत सगळ्यांनी फोन टाकायचे. उपासनेत जगाचा आवाज नको, असा त्यांचा नियम. वर क्रोशाचं झाकण घातलं होतं. ब्रदरनी स्तोत्र ९१ वाचायला घेतलं आणि टोपलीतला एक फोन घुरघुरला. मग दुसरा, मग एकदम पाच-सहा. झाकण थरथरायला लागलं. लहान मुलं तिकडे बघून हसत होती. ब्रदर वाचायचे थांबले, उठले, आणि आता हे फोन बघतील असं मला वाटलं. त्यांनी टोपली उचलली, आत स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि मधलं दार लावून घेतलं.

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या माणसाला इशारा मिळाला नव्हता असं नाही. तो त्याला मिळायलाच नको होता. न वाचण्यालाच तो विश्वास समजत होता, आणि तीस-चाळीस माणसं, त्यांत माझी पाच वर्षांची नात, त्याच्या भरवशावर त्या हॉलमध्ये बसली होती.

हे उठले, स्वयंपाकघरात गेले आणि आपला फोन घेऊन आले. व्हिक्टोरिया राज्याच्या आपत्ती-व्यवस्थापनाचं सांगणं साधं होतं: ईस्ट गिप्सलँडमधल्या सगळ्या पर्यटकांनी आजच निघावं, उद्या सकाळी नऊनंतर रस्त्यावर राहू नये, हायवे बंद होऊ शकतो. सुमारे ३०,००० लोकांना ते सांगणं होतं. ह्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाले, "ब्रदर, आधी लेकरंबाळं काढू. उपासना बेअर्न्सडेलला जाऊन पुरी करू." त्यावर ब्रदर जे बोलले ते अजून माझ्या कानात आहे. "अंकल, ज्यांना जायचं त्यांनी खुशाल जावं. मंडळी फोडल्याचा हिशोब मात्र त्यांना प्रभूपुढे द्यावा लागेल." साठी उलटलेल्या, आयुष्यभर चर्चची वडीलकी केलेल्या माणसाला, त्याच्या नातीसमोर! आम्ही बॅगा भरत होतो तर बायका गाणं म्हणायला लागल्या, आवाज मुद्दाम चढवून. कोणी निरोप द्यायलाही बाहेर आलं नाही.

स्तोत्र ९१ मलाही पाठ आहे. पण मत्तयाच्या चौथ्या अध्यायात प्रभूला मंदिराच्या शिरोभागी उभं करून हेच स्तोत्र कोण ऐकवतो? सैतान. देवदूत झेलतील, टाक उडी, म्हणून. आणि प्रभू उडी टाकत नाही. ब्रदरना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही, बायबल कॉलेजचं प्रमाणपत्र त्यांच्या भिंतीवर आहे.

बेअर्न्सडेलला पोहोचलो तर एकाही लॉजमध्ये खोली शिल्लक नव्हती. रात्र गाडीतच काढली. सकाळी मदत केंद्रात नावं लिहिली. तिथे चॅपलनचं जॅकेट घातलेल्या एक बाई आमच्याजवळ येऊन बसल्या. व्हिक्टोरियातल्या चर्चेसच्या परिषदेने शिकवून तयार केलेले असे स्वयंसेवक आपत्तीच्या वेळी केंद्रांवर पाठवले जातात. त्यांनी पंथ विचारला नाही. आधी चहा हवा का विचारलं, मग औषधं जवळ आहेत का विचारलं. आम्हाला प्रार्थनेला कुणीतरी हवंय असं मी म्हटल्यावर त्यांनी फोन फिरवला आणि सेल गावाजवळच्या एका युनायटिंग चर्चचा पत्ता कागदावर लिहून दिला.

१९७७ साली मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बहुतेक प्रेस्बिटेरियन मंडळ्या एक होऊन युनायटिंग चर्च झालं. आमच्या नगरच्या मंडळ्याही मूळच्या अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे काँग्रिगेशनलच, आणि १९७० च्या एकीकरणापासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये (सीएनआय). म्हणजे घर तसं जवळचंच निघालं.

त्या चर्चच्या दाराशी एक निळं प्लास्टिकचं खोकं ठेवलेलं होतं. आत बाप्तिस्म्याची वही, प्रभुभोजनाचे पेले, व्यासपीठावरचं जुनं बायबल टॉवेलात गुंडाळलेलं. झाकणावर टेपने कागद चिकटवलेला: खोकं कोण उचलणार, तो नसेल तर कोण, कुठल्या रस्त्याने न्यायचं. ते बघून माझे डोळे भरून आले. या लोकांचा देवावर विश्वास नव्हता म्हणून त्यांनी खोकं भरून ठेवलं होतं का?

तिथल्या पाळकबाई तीन गावं सांभाळत होत्या. त्यांनी हॉलमध्ये गाद्या घातल्या होत्या, जनावरं घेऊन आलेल्या शेतकऱ्यांसाठी मागच्या कुरणाचं फाटक उघडलं होतं. रविवारच्या उपासनेचं पत्रक अजून बाकांवर पडलेलं होतं. मी सहज उचललं. त्या रविवारचा पाठ होता मत्तय दुसरा अध्याय, १३ ते २३ ओव्या. योसेफाला स्वप्नात इशारा मिळतो आणि तो रातोरात बाळाला आणि आईला घेऊन मिसर देशाला निघतो. पाठक्रम पाळणाऱ्या जगभरच्या चर्चेसमध्ये २९ डिसेंबरला हाच भाग वाचला गेला होता, आणि आम्हाला त्याच दिवशी फुटीर ठरवलं गेलं होतं. ते पत्रक मी ह्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं.

३१ ला सकाळी पाळकबाईंनी जमेल त्यांना बोलावून प्रार्थना घेतली. त्याच सकाळी पूर्वेकडे मॅलाकूटाला आकाश काळंकुट्ट होऊन मग लाल झालं आणि सुमारे ४,००० माणसं पाण्याच्या काठावर जाऊन उभी राहिली. त्यांतल्या हजारेक जणांना पुढे ३ जानेवारीला नौदलाच्या चोउल्स जहाजाने बाहेर काढलं. बेअर्न्सडेलच्या जवळ सार्सफील्डला घरंच्या घरं जळाली होती. मी मराठीत प्रार्थना केली. कुणाला शब्द कळले नाहीत, आमेन मात्र सगळ्यांनी म्हटलं.

शिबिरातली माणसं अडकली. वीज गेली, फोन बंद पडले, मुलांचं दूध संपलं, एका दमेकरी बाईचे धुराने फार हाल झाले. पुढे सरकारी गाड्यांच्या मागोमाग ती सगळी सुखरूप बाहेर आली, याबद्दल मी देवाचे आभारच मानते. पण ब्रदर आता हे साक्ष म्हणून सांगतात: आम्ही थांबलो आणि राखले गेलो, काहींचा विश्वास डळमळला. त्यांना बाहेर काढायला जी माणसं गेली, त्यांचा साक्षीत उल्लेख नसतो. ७ फेब्रुवारी २००९ ला याच राज्यात एका दिवसाच्या वणव्यांत १७३ माणसं गेली. त्यांत प्रार्थना करणारी नव्हती असं म्हणायची कुणाची छाती आहे?

आता जाणाऱ्यांसाठी.

खेड्यातल्या चर्चवर पाटी आहे म्हणजे तिथे दर रविवारी उपासना आहे असं धरून चालू नका. एका पाळकाकडे अनेक गावं असतात, कुठे पहिला-तिसरा रविवार, कुठे महिन्यातून एकदाच, आणि जानेवारीत कित्येक मंडळ्या एकत्र येऊन एकाच ठिकाणी भरतात. निघण्यापूर्वी फोन करा आणि ओळख सांगा. कुठून आलात, कुठे उतरलात, किती दिवस आहात हे तिथल्या एका तरी माणसाला माहीत असू द्या. वणव्याच्या दिवसांत हीच ओळख कामाला येते, कारण कुठला रस्ता चालू आहे हे स्थानिक माणसालाच नीट ठाऊक असतं. उपासनेनंतर चहाला थांबा. लगेच निघून गेलात तर तुमची कुणाशीच ओळख होणार नाही.

फोनवर व्हिकइमर्जन्सी हे ॲप घ्या, न्यू साउथ वेल्समध्ये असाल तर हॅझर्ड्स निअर मी. नेटवर्क जातं, म्हणून बॅटरीवरचा रेडिओ जवळ ठेवा आणि एबीसीचं स्थानिक केंद्र लावा. व्हिक्टोरियातला माहितीचा नंबर १८०० २२६ २२६, जिवावर बेतलं तर ०००. सप्टेंबर २०२२ पासून तिथे आगीच्या धोक्याच्या चार पायऱ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटास्ट्रॉफिक. शेवटची जाहीर झाली की त्या भागात थांबायचंच नाही, आदल्या रात्री किंवा भल्या पहाटे निघायचं. "वॉच अँड ॲक्ट" आलं की हालचाल सुरू करायची. "इमर्जन्सी वॉर्निंग" येईपर्यंत वाट पाहिलीत तर कदाचित निघायला उशीर झालाय हेच त्यात लिहिलेलं असेल. ज्वाळा दिसत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका, निखारे वाऱ्यावर कित्येक किलोमीटर पुढे पडतात.

गाडीची टाकी अर्ध्याखाली येऊ देऊ नका, वीज गेली की पंप आणि कार्ड दोन्ही बंद. रोख पैसे, एन-९५ मास्क, पाणी, औषधांची चिठ्ठी, लोकरीचं पांघरूण गाडीत असू द्या. अंगात सुती कपडे घाला. नायलॉनच्या साड्या उष्णतेने वितळून अंगाला चिकटतात. "नेबरहूड सेफर प्लेस" अशी पाटी दिसली तर ती अगदी शेवटचा आसरा म्हणून असते, तिथे जेवण-अंथरूण मिळत नाही. त्यासाठी मदत केंद्र वेगळं असतं, आणि तिथे रेड क्रॉसकडे नाव नोंदवलंत तर घरच्यांना तुमचा पत्ता लागतो. आम्ही नोंदवलं नसतं तर नगरला माझी बहीण काळजीने आजारी पडली असती.

बाकी प्रार्थना करा, एकमेकांना धीर द्या, हे मी काय सांगू.

पण कुठल्याही शिबिराचं आमंत्रण आलं, बोलावणारा माणूस कितीही गोड बोलत असला, तरी पैसे भरण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारा. इशाऱ्यांकडे लक्ष कोण ठेवणार? बाहेर पडायचे रस्ते किती? आणि निघायला सांगितलं तर चालू उपासना थांबवाल का? तिसऱ्या प्रश्नाला "हो" असं सरळ उत्तर मिळालं नाही, तर जाऊ नका. जवळच्या गावात जे चर्च असेल, पंथ कुठलाही असो, तिथे जाऊन बसा.