घर पाहावे बांधून, विमा पाहावा वाचून

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आयुष्यभराची पुंजी ज्या दोन कामांत खर्ची पडते, ती दोन्ही या म्हणीत आली. परंतु बांधलेल्या घराचे छप्पर एका दुपारी उडून गेले तर पुढे काय करावे, हे म्हणीने सांगितलेले नाही. गेल्या उन्हाळ्यात हा प्रश्न आमच्या घरात प्रत्यक्षच उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना मी जे वाचले, विचारले आणि कागदावर मांडून पाहिले, ते प्रस्तुत लेखात आपल्यापुढे ठेवीत आहे. अर्थशास्त्राच्या तासाला ‘जोखीम’ हा शब्द अनेकदा ऐकला होता. तो आपल्या घराच्या पत्र्यावर येऊन बसेल असे मात्र वाटले नव्हते.

आमचे गाव सुपा. पारनेर तालुक्यातले, पुणे-नगर रस्त्यावरचे. पाऊस बेताचा, वारा मात्र उदंड. जवळच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या काही उगाच नव्हेत. औद्योगिक वसाहत आल्यापासून गावात बाहेरगावचे कामगार राहायला आले आणि ज्याच्याकडे दोन गुंठे जागा आहे त्याने भाड्याच्या खोल्या काढल्या. विटांच्या भिंती, वर पत्रा, पत्रा उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले दगड, हे आमच्या भागातले नेहमीचे दृश्य. अण्णांनीही, म्हणजे माझ्या वडिलांनी, कर्ज काढून चार खोल्यांचे काम सुरू केले. कर्जाच्या कागदांबरोबर विम्याचाही एक कागद सहीला आला. अण्णा म्हणाले, “पोरी, आपण काय समुद्राच्या काठाला ऱ्हातो का? वादळाचा विमा घेऊन आपल्याला काय करायचंय?”

मला ३ जून २०२० चा दिवस आठवला. त्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर चढले. तेथे ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचे वारे होते. वादळ तेथेच न थांबता घाट ओलांडून पुणे, नगर, नाशिक या जिल्ह्यांच्या बाजूने पुढे सरकले आणि जाता जाता क्षीण होत गेले. सुप्यापासून किनारा दीडशे किलोमीटरांहून दूर; तरी त्या संध्याकाळी आमच्या शेजाऱ्यांच्या गोठ्याचे दोन पत्रे आमच्या अंगणात येऊन पडले होते. म्हणजे समुद्र दूर असला तरी वादळाला वाट ठाऊक आहे.

त्याच वादळाने माझ्या ताईचे घर उघडे पाडले. दाजी शिक्षक. नोकरी श्रीवर्धन तालुक्यात, म्हणून तेथेच त्यांनी घर बांधले. आंब्याचे झाड छपरावर कोसळले, कौले आणि वासे गेले, एक भिंत तडकली, आत पाणी शिरले. दाजींना धीर एवढाच की कर्जामुळे घराचा विमा होता. पण हाती पैसे आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. नुकसान सुमारे १ लाख ८० हजारांचे ठरले होते; मिळाले ६० हजार. “कंपनीनं फसवलं,” असे ताई अजूनही म्हणते. मी तो जुना कागद मागवून घेतला आणि वाचला. तेव्हा लक्षात आले की यात फसवणूक नव्हती. होता एक त्रैराशिकाचा हिशेब, आणि तो कोणी दाजींना आधी समजावून दिला नव्हता.

अपुऱ्या विम्याचे त्रैराशिक

त्या वेळी घरांसाठी आगीच्या विम्याचीच पॉलिसी चाले आणि तिच्यातच वादळ, पूर वगैरे संकटे समाविष्ट असत. तीत ‘सरासरी’चे म्हणून एक कलम होते. समजा घर पुन्हा उभारायला ९ लाख रुपये लागतात आणि विमा उतरवला आहे ३ लाखांचा. याचा अर्थ मालकाने घराच्या एक तृतीयांश भागाचाच विमा घेतला. उरलेल्या दोन तृतीयांशाचा विमेदार तो स्वतःच. मग नुकसान कितीही होवो, कंपनी त्याच्या एक तृतीयांशच देणार. १ लाख ८० हजारांचे एक तृतीयांश म्हणजे ६० हजार. दाजींच्या बाबतीत नेमके हेच घडले. ज्या बँकेचे कर्ज होते तिने विमा उतरवला तो उरलेल्या कर्जाएवढा. बँकेचे हित त्यात पुरते जपले गेले; घराचे नाही. बँकेने विमा काढला म्हणजे घराचा विमा झाला, हा समज आपल्याकडे सर्वत्र आहे आणि तो महागात पडतो.

नवी पॉलिसी

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाण पॉलिसी सुरू केली. आग आणि तत्सम संकटांचा विमा विकणाऱ्या सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती द्यावी लागते आणि तिची मूळ कलमे सर्वत्र सारखी असतात. आग, वीज, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल, पाण्याची टाकी वा नळ फुटणे, झाड किंवा वाहन घरावर आदळणे, ही सारी संकटे तिच्यात येतात. यांपैकी एखाद्या संकटामुळे घर उघडे पडले आणि त्यापासून सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर तीही येते. घराच्या विमाराशीच्या २० टक्क्यांइतका, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातील सामानाचा विमा आपोआप मिळतो. मलबा हलविण्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद, अभियंता यांच्या शुल्कासाठी ५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळण्याची तरतूद आहे. घर राहण्याजोगे उरले नाही तर बुडालेले भाडे, किंवा आपल्याला दुसरीकडे राहावे लागल्यास त्याचे भाडे, वाजवी काळापुरते मिळते. चार खोल्यांच्या भाड्यावर कर्जाचा हप्ता फेडू पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना हे कलम फार मोलाचे आहे.

सर्वांत मोठा बदल असा, की वरचे त्रैराशिक या पॉलिसीतून काढून टाकले आहे. विमा अपुरा असला तरी विमाराशीच्या मर्यादेत नुकसान पूर्ण भरून मिळते. दाजींकडे त्या दिवशी ही पॉलिसी असती तर त्याच ३ लाखांच्या विम्यावर १ लाख ८० हजार मिळाले असते. पण म्हणून कमी रकमेचा विमा घ्यावा असे नाही; घर समूळ गेले तर मर्यादा ३ लाखांचीच.

किंमत आणि कवच

आता खर्चाकडे वळू. विमाराशी ठरविताना घराचा बाजारभाव धरायचा नसतो. जमीन वादळाने उडत नाही. म्हणून क्षेत्रफळाला आजच्या बांधकामखर्चाच्या दराने गुणायचे. समजा ६०० चौरस फूट आणि दर १५०० रुपये, तर विमाराशी ९ लाख. हप्त्याचा दर हजारी सांगतात आणि तो कंपनीगणिक वेगळा असू शकतो. उदाहरणादाखल एकीने हजारी ४० पैसे सांगितले व दुसरीने ६० पैसे, असे धरू. पहिलीचा हप्ता ३६० रुपये, दुसरीचा ५४०. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळवला की अनुक्रमे सुमारे ४२५ व ६३७ रुपये होतात. फरक वर्षाला २१२ रुपयांचा. उलट ९ लाखांऐवजी ३ लाखांचा विमा घेऊन पहिल्या कंपनीकडे वाचतील वर्षाला सुमारे २८३ रुपये, आणि घर समूळ गेले तर बुडतील ६ लाख. स्वस्त कंपनी शोधण्यात आपण जेवढा वेळ घालवतो, त्याच्या निम्मा वेळ जरी विमाराशी बरोबर ठरविण्यात घालवला तरी लाभ अधिक आहे.

“सरकार देतंच की,” असेही कोणी म्हणेल. पंचनामा झाला की मदत मिळते, हे खरे. पण किती? आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात पूर्ण नष्ट झालेल्या घराला १ लाख २० हजार रुपये आणि किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६ हजार ५०० रुपये. ‘निसर्ग’ वादळानंतर राज्य शासनाने पूर्ण नष्ट झालेल्या घराची मदत वाढवून दीड लाख केली होती. ही मदत माणसाला त्या घडीला उभे करते, घराला नाही. ती त्यासाठी ठरविलेलीही नाही. मदत आणि विमा यांची तुलना करताना हा भेद विसरू नये.

साता समुद्रापलीकडे

ज्या प्रदेशात चक्रीवादळे वारंवार येतात तेथे काय चालते, हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येतच नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. तिच्यासाठी तेथील केंद्र सरकारची योजना १९६८ पासून आहे. वादळाच्या नुकसानीचा पहिला वाटा मालकानेच सोसायचा असतो आणि तो बहुधा विमाराशीच्या २, ५ किंवा १० टक्के असतो. ऑगस्ट १९९२ मधील ‘अँड्र्यू’ वादळानंतर तेथील अनेक विमा कंपन्या बुडाल्या. ज्यांना कोणी विमा देईना त्यांच्यासाठी राज्याला पुढे २००२ मध्ये आजची सरकारी विमा संस्था उभी करावी लागली. त्या मानाने वारा, पाणी आणि भूकंप एकाच कागदात देणारी आपली पॉलिसी उदार म्हटली पाहिजे. मात्र फ्लोरिडाची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. छप्पर भिंतीला पक्के जखडले असेल, खिडक्यांना मजबूत झडपा असतील, तर तेथे कायद्याने हप्त्यात सूट द्यावी लागते. आपल्याकडेही पत्र्यावर दगड ठेवणाऱ्याला आणि हुक-बोल्टने पत्रा आवळणाऱ्याला विम्याने वेगळे ओळखले, तर किती छपरे जागच्या जागी राहतील!

काही सूचना

माझ्या अल्प अभ्यासातून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, कर्जाबरोबर आलेल्या विम्यात रक्कम कर्जाची आहे की घराची, हे आधी पाहावे. दोन, भिंती कशाच्या, छप्पर कशाचे, खोल्या भाड्याने दिल्या आहेत का, हे अर्जात खरे लिहावे. गवत, बांबू, ताडपत्री यांचे घर विम्याच्या भाषेत कच्चे ठरते, तेव्हा त्याबाबत कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. तीन, नुकसान झाल्याबरोबर कंपनीला कळवावे, छायाचित्रे काढावीत आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत पडझडीचे अवशेष फेकू नयेत. चार, दावा अन्यायाने नाकारला असे वाटले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि मग विमा लोकपालाकडे जावे. त्यांचे एक कार्यालय पुण्याला आहे.

शेवटी आमच्या घराविषयी. मी हिशेबाची वही अण्णांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. दाजींचे त्रैराशिक त्यांना पटकन कळले, कारण बाजारात कांद्याचे हिशेब ते तोंडीच करतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रीला बोलावून पत्र्यांना जादा हुक-बोल्ट मारायला सांगितले आणि बँकेत जाऊन विमाराशी कर्जाएवढी न ठेवता बांधकामखर्चाएवढी करून घेतली. येताना एवढेच म्हणाले, “कागद ताईकडं बी पाठव. तिच्या घराचा आता कितीचा हाय, बघ म्हणावं.”

मी पाठवला. ताईचे उत्तर आले: विमा अजून तोच, ३ लाखांचा. या सुट्टीत मी श्रीवर्धनला जाणार आहे.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)