वनस्पतींचे उत्सर्जन : पाठाची पूर्वतयारी

प्राण्यांच्या उत्सर्जनाचा पाठ संपला, की एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, “गुरुजी, मग झाडे लघवी कशी करतात?” वर्ग हसतो. शिक्षकाने मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. प्रश्न शास्त्रीय आहे आणि त्याचे उत्तर पुस्तकातील दोन ओळींत मावण्यासारखे नाही. वायू, गळणारी पाने, डिंक, चीक अशी यादी फळ्यावर लिहून पाठ करून घेण्याची पद्धत सोपी खरी. परंतु तिने त्या मुलाचे समाधान होत नाही.

उत्तराचा आरंभ मुलांच्या परिचयाच्या वस्तूपासून करावा. प्राण्यांच्या शरीरात प्रथिनांचे विघटन होऊन नत्रयुक्त टाकाऊ द्रव्ये तयार होतात. माणसाच्या शरीरात त्यांतून मुख्यतः युरिया बनतो व मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. आता मुलांना विचारावे, युरिया हे नाव आणखी कोठे ऐकले आहे? शेतकऱ्यांची मुले तत्काळ खताच्या पोत्याकडे बोट दाखवतील. तो पदार्थ हाच होय. फरक इतकाच, की पोत्यातील युरिया कारखान्यात तयार होतो. प्राणी जे टाकून देतो, ते पिकासाठी आपण पैसे मोजून आणतो. वनस्पतीला नत्र सहसा कमीच पडत असते. ती आपल्या गरजेपुरती प्रथिने बनवते आणि त्यांच्या विघटनातून निघालेला नत्र बव्हंशी पुन्हा वापरते. म्हणूनच तिला मूत्रपिंडासारख्या इंद्रियाची आवश्यकता भासत नाही.

वायूंविषयी मात्र एक दुरुस्ती अगत्याची आहे. “झाडे दिवसा प्राणवायू सोडतात व रात्री कर्बद्विप्राणिद वायू सोडतात” हे वाक्य अनेक वर्गांत ऐकू येते. त्यावरून झाड केवळ रात्री श्वसन करते, असा मुलांचा समज होतो. वस्तुतः श्वसन अहोरात्र चालते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग अधिक असल्यामुळे श्वसनात निर्माण झालेला कर्बद्विप्राणिद वायू तेथल्या तेथे वापरला जातो आणि उरलेला प्राणवायू पर्णरंध्रांवाटे बाहेर पडतो. झाडाच्या लेखी प्राणवायू हा अन्न तयार करतानाचा टाकाऊ पदार्थ होय, ही गोष्ट मुलांना फार नवलाची वाटते. ओढ्यातील पाणवनस्पती काचेच्या पेल्यात पाण्याखाली ठेवून पेला उन्हात ठेवावा. पानांवरून उठणारे बुडबुडे शेवटच्या बाकावरूनही दिसतात.

आता शाळेबाहेर पडावे. मार्गशीर्ष-पौषात हरभरा फुलावर आलेला असतो. सकाळी शेताच्या बांधावर जाऊन मुलांना पानांवरून बोट फिरवून चाखावयास सांगावे. चव आंबट लागते. (औषध फवारलेल्या शेतात हा प्रयोग कदापि करू नये.) हरभऱ्याच्या पानांवर बारीक ग्रंथियुक्त लव असते व तीतून आम्ले स्रवतात, त्यांत मॅलिक व ऑक्झॅलिक ही मुख्य होत. पहाटे दवात भिजलेल्या पिकावरून स्वच्छ फडके फिरवून व ते पिळून बायका हीच ‘आंब’ गोळा करीत आणि अपचनावरील घरगुती औषध म्हणून जपून ठेवीत. वर्गात एखाद्या मुलाच्या आजीला ही रीत ठाऊक असेल, तर तिला अवश्य शाळेत बोलवावे. असा पाहुणा तक्त्यापेक्षा अधिक शिकवून जातो.

परंतु आंब म्हणजे हरभऱ्याने टाकलेला मळ काय? येथे मुलांना जरा थांबवून विचार करावयास लावावे. या आम्लांमुळे, विशेषतः ऑक्झॅलिक आम्लामुळे, घाटे अळीची वाढ खुंटते असे संशोधनात आढळले आहे. वनस्पती जे बाहेर टाकते ते तिला निरुपयोगीच असते, असे धरून चालता येत नाही. डिंकाचेही तसेच. बाभळीच्या सालीला इजा झाली, की तेथे डिंक पाझरतो व जखम बुजते. चिकाने झाडाचे रक्षण होते. ही द्रव्ये ‘उत्सर्जित पदार्थ’ या मथळ्याखाली दिलेली असली, तरी ही पुस्ती शिक्षकाने जोडावीच.

चिकाचे प्रात्यक्षिक दाखविण्याचा मोह मात्र टाळावा. रुई, शेर व निवडुंग यांचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. मुले खेळताना रुईची पाने तोडतात व त्याच हाताने डोळे चोळतात; या पाठाच्या निमित्ताने त्यांना स्पष्ट ताकीद द्यावी. चीक डोळ्यात गेलाच, तर डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धुवत राहावे आणि मुलाला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.

जे बाहेर टाकता येत नाही, ते वनस्पती बंदिस्त करून बाजूला ठेवते. अळूच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक जुडग्यांनी असतात. कच्चे अळू घशात खवखवते ते मुख्यतः यांमुळे. अळूच्या भाजीत चिंच का घालतात, हे मुलींना आणि मुलांनाही घरी विचारून येण्यास सांगावे. मोठ्या वृक्षांत हीच साठवण खोडाच्या गाभ्यात होते. सुताराकडून खैराचा किंवा सागाचा आडवा काप मागून आणावा. कडेचे लाकूड फिकट व आतील गडद दिसेल. गाभ्यातील पेशी मृत असून त्यांत टॅनिन व इतर द्रव्ये साचलेली असतात. सागाच्या गाभ्याला वाळवी सहजासहजी लागत नाही, त्याचे कारण हेच. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या उकळून कात काढतात. विड्याला येणारा रंग झाडाने आत दडवून ठेवलेल्या द्रव्यांचा आहे, हे ऐकून मुलांना गंमत वाटते.

पानगळीचा भाग शेवटी घ्यावा. पिंपळाचे एक हिरवे व एक गळलेले पिवळे पान शेजारी ठेवावे. पान गळण्यापूर्वी झाड त्यातील नत्राचा मोठा हिस्सा परत शोषून घेते. कॅल्शियमसारखी द्रव्ये व काही टाकाऊ पदार्थ पानातच राहतात. मग देठाशी एक थर तयार होतो व पान सुटते. उरलेली खनिजे जमिनीस मिळावयाची असतात. पण अनेक शाळांत सकाळच्या सफाईनंतर पाल्यापाचोळ्याचा ढीग पेटविला जातो. धूर वर्गात शिरतो, नत्र हवेत निघून जातो आणि कुजून तयार होणारे खतही बुडते. उत्सर्जनाचा पाठ फळ्यावर आणि पाचोळ्याची होळी अंगणात, ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

फाल्गुनात शाळेच्या आवारात हातभर खोल खड्डा घ्यावा. त्यात पाचोळा, थोडे शेण व माती यांचे थर द्यावेत आणि वरून पाणी शिंपडावे. पावसाचे पाणी आत साचू नये म्हणून कडेने चर खणावा. सागाची व वडाची जाड पाने उशिरा कुजतात. ती टाकण्यापूर्वी मुलांकडून हाताने चुरून घ्यावीत.