बर्फाला घाम फुटेपर्यंत का थांबायचं?

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा. त्रिगुणीच्या बूस्टरसाठी त्याला एप्रिलमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. सकाळी तिथे गावोगावी जाणाऱ्या लसींच्या पेट्या भरणं चाललं होतं. सिस्टरनी बर्फाचे पॅक फ्रीझरमधून काढून टेबलावर मांडले आणि त्या नुसत्या थांबल्या. मधूनच एखादा पॅक कानाशी धरून हलवायच्या. एवढ्या उन्हाळ्यात हा उशीर कशासाठी? दुसरं विचारायचं ते असं, की मी मुलाला ‘काही दुखणार नाही, घाबरू नकोस’ असं सतत सांगत होते, तरी त्याने आकांत मांडला. मग सांगायचं तरी काय?

उत्तर : सिस्टर अगदी योग्य तेच करत होत्या. उन्हाने लस खराब होते हे आपल्याला ठाऊक असतं, पण गोठल्यानेही काही लसी वाया जातात हे पुष्कळांना माहीत नसतं. आरोग्य केंद्रात लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. फ्रीझरमधून नुकताच काढलेला पॅक मात्र उणे १५ ते उणे २५ अंशांचा असतो. तो तसाच पेटीत लावला, तर त्याला टेकलेली बाटली गोठू शकते. म्हणून पॅक बाहेर ठेवून त्यावर पाण्याचे थेंब जमू द्यायचे आणि मग हलवून बघायचा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, की बर्फ वितळू लागला आणि पॅक शून्य अंशाला आला असं समजायचं. त्यानंतरच चार बाजूंना चार पॅक लावून पेटी भरायची.

पोलिओच्या थेंबांना किंवा गोवर-रुबेलाच्या पावडरीला गोठण्याने अपाय होत नाही. त्यांना उष्णता बाधते, आणि त्यातही पोलिओचे थेंब सर्वांत नाजूक. त्रिगुणी, पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी आणि टीडी या लसींचं उलट आहे. त्यांत ॲल्युमिनियमच्या क्षाराचे बारीक कण असतात. लस गोठली की हे कण एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यावरही सुटे होत नाहीत. वरवर बाटली पूर्वीसारखीच दिसते, पण लसीची ताकद गेलेली असू शकते. शंका आली तर त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवतात, संशयित बाटलीबरोबर हलवून शेजारी ठेवतात आणि गाळ कुठे किती लवकर बसतो ते पाहतात.

बाटलीवर गोल आणि त्यात चौकोन असं एक छोटं चिन्ह असतं. १९९६मध्ये ते पहिल्यांदा पोलिओच्या बाटल्यांवर आलं. बाटलीला जितकी उष्णता लागेल तितका आतला चौकोन गडद होत जातो आणि पुन्हा फिका होत नाही. तो बाहेरच्या वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद दिसला, तर ती बाटली वापरायची नाही. पुढच्या वेळी सिस्टरना हे चिन्ह जरूर दाखवायला सांगा, तो तुमचा हक्कच आहे. लस गोठून गेली असेल तर मात्र हे चिन्ह काहीच सांगत नाही. त्यासाठी पेटी भरतानाच जपावं लागतं, आणि तुम्हाला जो उशीर वाटला तो हाच.

आता मुलाविषयी. तुम्ही जे बोललात ते बहुतेक सगळेच आईवडील मायेपोटी बोलतात. पण सुई टोचताना मोठ्यांचं बोलणं आणि मुलांचं वागणं यांवर बरंच संशोधन झालं आहे. अमेरिकेत रोनाल्ड ब्लाउंट आणि कॅनडात मेगन मॅकमर्ट्री यांच्या अभ्यासांतून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. ‘घाबरू नकोस’, ‘काही होत नाही’ असा धीर वारंवार दिला जातो तिथे मुलांचा त्रास जास्त दिसतो, आणि दुसऱ्या विषयावरच्या गप्पांनी तो कमी होतो. असा धीर देणारे आईबाबा स्वतःच घाबरले आहेत, असं मुलांना वाटतं. मला हे फार पटतं. मूल शब्दांआधी आपला आवाज आणि चेहरा वाचतं.

खोटंही बोलू नका. ‘दुखणार नाही’ म्हणालात आणि दुखलं, की पुढच्या खेपेला तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही. ‘थोडं टोचेल, लगेच संपेल, मी तुला धरून बसते,’ एवढं शांतपणे, एकदाच सांगा. त्याला आडवा दाबून न ठेवता मांडीवर सरळ बसवा. टोचायच्या क्षणी त्याच्या आवडीची गोष्ट सुरू करा, नाहीतर फुगे उडवायला द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या शिफारशींतही सहा वर्षांखालच्या मुलांचं लक्ष दुसरीकडे वळवावं असं म्हटलं आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाला त्या वेळी छातीशी घेऊन पाजलेलं उत्तम. आणि तरीही तो रडला, तर रडू द्या. ‘मुलगा असून रडतोस?’ असं कुणी म्हणालं, तर त्यांना तिथेच थांबवा.

‘ऐकलं नाहीस तर डॉक्टरकडे नेऊन सुई टोचीन’ ही धमकी घरात कुणी देत असेल, तर ती आजपासून बंद करा, आजीआजोबांनाही सांगा. त्याची पुढची नियमित लस टीडीची, दहाव्या वर्षी आणि मग सोळाव्या. तेव्हा त्याला मांडीवर घेता येणार नाही.