मुलीची उंची वाढत नसेल तर : टर्नर सिंड्रोम समजून घेऊ

मुलगी वर्गात सर्वांत ठेंगणी असली की ‘आजीवर गेली’ म्हणून आपण सोडून देतो. बहुतेकदा ते खरेही असते. पण जन्मणाऱ्या सुमारे २००० ते २५०० मुलींमागे एकीला टर्नर सिंड्रोम असतो. तिच्या बाबतीत वाट पाहण्यात गेलेली वर्षे भरून निघत नाहीत.

हे काय असते?
मुलींच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात. या मुलींत त्यातले एक नसते किंवा अपुरे असते. यात आईचा दोष नाही, बापाचाही नाही आणि ग्रहणाचा तर मुळीच नाही. बुद्धी सहसा इतर मुलींसारखीच असते.

कसे ओळखावे?
जन्मतः हातापायांवर सूज, मानेच्या बाजूंना कातडीची घडी, वयाच्या मानाने कमी उंची, तेरावे सरले तरी छातीची वाढ नाही. यातले काही दिसले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कॅरिओटाइप या रक्ततपासणीने निदान पक्के होते.

उंचीसाठी उपचार
ग्रोथ हार्मोनचे इंजेक्शन रोज रात्री कातडीखाली देतात. शिकवले की आईही घरी देऊ शकते. चौथ्या ते सहाव्या वर्षी सुरू करणे चांगले. काही वर्षे नियमित दिल्यास उंची सरासरी ५ ते ८ सेंटीमीटर जास्त मिळते. हाडांची वाढ थांबल्यावर मात्र उपयोग नाही. औषध फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको.

उंचीपलीकडे
अकरा-बारा वर्षांच्या सुमारास बहुतेकींना इस्ट्रोजेन कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. त्याने वयात येणे होते आणि हाडेही मजबूत राहतात. हृदयाची इको तपासणी, मूत्रपिंडाची सोनोग्राफी, थायरॉइड, कान आणि रक्तदाब यांच्या तपासण्या लागतात. महागडे ग्रोथ हार्मोन परवडले नाही, तरी हे उपचार सोडू नका. जीव उंचीवर नाही, हृदयावर अवलंबून असतो.

खर्चाचे काय?
डोस वजनावर ठरतो, म्हणून मुलगी वाढेल तसा खर्च वाढतो. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात टर्नरसाठीच्या ग्रोथ हार्मोनचा उल्लेख आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातले एक केंद्र आहे. तिथे अवश्य चौकशी करा.

‘उंची वाढवणाऱ्या’ पावडरींवर पैसे घालवू नका. आणि मुलीला तिचा आजार तिच्या वयाला समजेल असा सांगा. शरीर तिचे आहे, माहितीवर पहिला हक्कही तिचाच, असे आम्ही मानतो.